पालिकेचा हिशोब मागायचा कुणाकडे?

मोहल्ल्यातला रस्ता झाला आणि पहिल्याच पावसात उखडला. ठेकेदार कोण, काम कितीचं, बिल निघालं की नाही, दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं त्याच्यावर आहे, यातलं आपल्याला काहीच ठाऊक नसतं. नगरसेवक अभियंत्याकडे बोट दाखवतो आणि अभियंता म्हणतो, "आर.टी.आय. टाका ना!" हे उत्तर आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही.

खरं तर अर्ज टाकायची वेळच यायला नको. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने १७ बाबींची माहिती स्वतःहून जाहीर करायची आहे. त्यात अर्थसंकल्प आणि खर्च आहे, अनुदान योजनांचे लाभार्थी आहेत, परवाने आणि सवलती कुणाला दिल्या तेही आहे. मुदत होती कायदा झाल्यापासून १२० दिवसांची, आणि त्यानंतर दरवर्षी ती अद्ययावत करायची. आपल्या पालिकेची वेबसाईट उघडून पाहा. बऱ्याच ठिकाणी जुन्या अधिकाऱ्यांची नावं आणि न उघडणाऱ्या पीडीएफ फाईली सापडतील.

असं का होतं? अर्जाला मुदतीत उत्तर दिलं नाही, तर कलम २० प्रमाणे माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण कलम ४ ची माहिती जाहीरच केली नाही, तर थेट दंड नाही. म्हणजे गप्प बसणं कार्यालयाला फुकटात पडतं. किंमत मोजतो तो अर्जदार. अर्जावर त्याला स्वतःचं नाव-पत्ता लिहावा लागतो, आणि तो कुणी लिहिला हे संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला कळतं. मग "ब्लॅकमेलर आहे" अशी कुजबूज सुरू होते. तळेगाव दाभाडे इथल्या जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नसावा. माहिती आधीच भिंतीवर लावलेली असेल, तर कुणा एकट्याला पुढे व्हावं लागत नाही. आमच्या मते कलम ४ ची खरी गरज इथे आहे.

राज्य माहिती आयोग अगदीच हतबल आहे असंही नाही. द्वितीय अपिलात कलम १९(८) खाली तो कार्यालयाला ठरावीक माहिती प्रसिद्ध करायला सांगू शकतो, अर्जदाराला नुकसानभरपाई द्यायला लावू शकतो. १७ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर कलम ४ च्या अंमलबजावणीवर सतत लक्ष ठेवायची जबाबदारी आयोगांवरच टाकली. पण आयोगासमोर अपिलांचा ढीग पडलेला असतो. रस्त्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाची सुनावणी येईपर्यंत तो रस्ता पुन्हा खोदून झालेला असतो!

आणि आयोगावर बसतं कोण? कायद्यात पात्रता लिहिली आहे ती कायदा, विज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, प्रशासन अशा क्षेत्रांतल्या नामवंत व्यक्तींची. म्हणजे अपेक्षा समाजातल्या वेगवेगळ्या लोकांची होती, पण खुर्च्या बहुतेक निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी भरल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हे बोलून दाखवलं आणि रिक्त जागा वेळेत भरायलाही सांगितलं. ज्याने आयुष्यभर फाईल सांभाळली, तोच फाईल उघडायला लावेल का? काही जणांनी लावली, हे मान्य. पण एवढ्या भरवशावर व्यवस्था चालत नाही. आयोगात शिक्षक, वकील, पत्रकार, वस्तीत काम करणारे लोक हवेत, आणि त्यात आपल्या वस्त्यांतलेही हवेत. जागेची जाहिरात निघते तेव्हा आपल्यातले किती सुशिक्षित लोक अर्ज करतात, हाही प्रश्न विचारायला हवा.

२००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभा आणली. प्रभागातल्या मतदारांनी एकत्र बसून कामं सुचवावीत, प्रश्न विचारावेत, असा तिचा हेतू. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. तेव्हा तर सभागृहात प्रश्न विचारणाराही कुणी नव्हता.

एक दार मात्र उघडं आहे आणि त्याचा वापर फार थोडे लोक करतात. पुणे महापालिकेत २००९ पासून नागरिकांना आठवड्यातून एकदा फाईली पाहू देण्याची पद्धत सुरू झाली. २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली : दर सोमवारी दुपारी ३ ते ५. चार-पाच जणांनी मिळून जावं, एकट्याने नको. रस्त्याच्या कामाची फाईल मागावी, मोजमाप पुस्तिका बघावी, तारखा टिपून घ्याव्यात. दाखवायला नकार मिळाला, तर तो लेखी मागावा. पुढे अपिलाची वेळ आली, तर आयोगासमोर तोच कागद उपयोगी पडेल.