एका चिमट्याचा हिशेब
१९०२ साली तत्कालीन पंजाबातील मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लस परळच्या प्रयोगशाळेतली. ठपका वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. वास्तविक, बाटली उघडण्याचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता व नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले.

धनुर्वाताचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. म्हणून ऑटोक्लेव्हमधील हवा काढून, दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सिअसवर किमान १५ मिनिटे राखतात. पट्टीचा बदललेला रंग केवळ उष्णता पोहोचल्याचे दर्शवितो; जंतुनाशाची खात्री बीजाणू-चाचणीच देते.

घाटकोपर-मुलुंडच्या धर्मादाय रुग्णालयांस यंत्रे देणाऱ्या दात्यांनी या चाचणीची नोंदवहीही पाहावी. पेढीवर आपण पावतीवाचून खर्च मांडत नाही. येथे तर प्रश्न प्राणांचा आहे.