जुन्या हेडफोनची डागडुजी : दाम कशाचे मोजायचे?

उंची हेडफोनच्या दुनियेत ज्या युरोपीय नावांचा दबदबा अर्धशतकभर टिकला, त्यांची घरे २०१७ पासून एकामागून एक हलली. व्हिएन्नात १९४७ साली स्थापन झालेल्या ‘एकेजी’चे तेथील कामकाज २०१७ मध्ये बंद झाले. हॅनोव्हरजवळ १९४५ पासून चालत आलेल्या ‘सेनहायझर’ने आपला ग्राहकोपयोगी विभाग २०२१ च्या करारानुसार श्रवणयंत्रे बनविणाऱ्या ‘सोनोव्हा’ या स्विस कंपनीला २० कोटी युरोंना विकला. २०२५ मध्ये हाईलब्रॉनच्या ‘बायरडायनॅमिक’नेही चीनच्या ‘कोसोनिक’ कंपनीकडे जाण्याचा करार जाहीर केला. जपानची ‘स्टॅक्स’ तर २०११ सालीच चिनी ‘एडिफायर’च्या छत्राखाली गेली होती.

उद्योगजगताच्या दृष्टीने या नित्याच्या घडामोडी आहेत. परंतु ज्यांच्या कपाटात या कंपन्यांचे वीस, तीस किंवा चाळीस वर्षांपूर्वीचे हेडफोन आहेत, त्यांच्यासाठी प्रश्न वेगळा आहे. उद्या एक बाजू मुकी झाली तर सुटा भाग कोण देणार? आणि तो देणारा कोणी भेटलाच, तर त्याला किती पैसे मोजावेत? जुन्या, नामांकित हेडफोनची डागडुजी आणि ‘सुधारणा’ करून देणाऱ्या कारागिरांचा एक छोटासा जागतिक व्यवसाय या प्रश्नातून उभा राहिला आहे. त्याकडे निव्वळ हौशी मंडळींचे खूळ म्हणून पाहणे चुकीचे ठरेल, कारण वस्तू विकत घेतल्यावर ती किती काळ आपली राहते, हा मुद्दा येथे फार स्पष्टपणे समोर येतो.

प्रथम मुरते काय आणि टिकते काय, हे पाहिले पाहिजे. सर्वसाधारण हेडफोनमधील ड्रायव्हर म्हणजे एक लोहचुंबक, त्याच्या फटीत हलणारे बारीक तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटलेला पातळ प्लास्टिकचा पडदा. जपून वापरल्यास ही रचना अनेक दशके टिकते. कुजतो तो तिच्या भोवतालचा साज. पॉलियुरेथेनचा फोम हवेतील दमटपणामुळे हळूहळू विघटित होतो, चिकट बनतो आणि अखेरीस त्याचा भुगा होतो. हा भुगा पडद्यावर पडला, की खरखर सुरू होते आणि मालकाला वाटते, ड्रायव्हर गेला. पावसाळ्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते; तेव्हा जर्मनीत वीस वर्षे टिकणारा फोम येथे तितकाच टिकेल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. केबल प्लगच्या तोंडाशी किंवा हेडफोनमध्ये शिरते तेथे तुटते. जुन्या ‘एकेजी के२४०’च्या डोक्यावरच्या पट्टीतील लवचिक दोऱ्या सैल पडतात. ‘मृत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक जुन्या हेडफोनची खरी व्याधी एवढीच असते.

येथे इयरपॅडबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पैसे वाया जातात ते बहुधा याच ठिकाणी. इयरपॅड ही केवळ आरामाची गादी नव्हे. कान आणि ड्रायव्हर यांच्यातील अंतर तो ठरवितो. बंद रचनेच्या हेडफोनमध्ये हवा कोंडून धरून खर्जाचा भरणा तोच राखतो. तो चेपला, की अंतर घटते आणि आवाजाचा तोल बदलतो. म्हणजेच पंधरा वर्षांचा चेपलेला पॅड काढून नवा बसविणे ही दुरुस्ती झाली. परंतु मूळ मखमली पॅडऐवजी जाड चामडी पॅड बसविले, तर तो वेगळाच हेडफोन झाला, मग कारागीर त्याला काहीही नाव देवो. बाजारात मिळणारे स्वस्त पर्यायी पॅड आकाराने जुळतात, पण त्यांच्या आतील स्पंजाची घनता आणि वरील कापडाची सच्छिद्रता जुळतेच असे नाही. ‘पॅड बदलल्यावर पूर्वीची मजा गेली’ ही तक्रार म्हणूनच मनाचा खेळ नसते.

दुरुस्ती आणि सुधारणा यांतील ही सीमारेषा ग्राहकाने मनाशी पक्की केली पाहिजे. दुरुस्तीची कसोटी सोपी आहे. दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, खरखर थांबली का, मूळ आवाज परत आला का, हे तपासता येते. सुधारणेला मात्र अशी कसोटी नाही. तेथे विकणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याचा कान, एवढाच पुरावा असतो.

महागड्या केबलचे उदाहरण घ्या. १९९७ साली आलेल्या ‘सेनहायझर एचडी ६००’चा अवरोध ३०० ओहम आहे. समजा, जुन्या केबलचा अवरोध नव्या, शुद्ध चांदीच्या म्हणवणाऱ्या केबलपेक्षा एक ओहमने अधिक आहे. हा फरक प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा उदारपणे धरला, तरी आवाजाच्या पातळीतील बदल ०.०३ डेसिबलच्या आसपास येतो. तो कोणत्याही कानाला कळणारा नाही. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये हाच फरक पाव डेसिबलपर्यंत जाईल. तेथे तर्काला किंचित वाव आहे, पण तेवढ्यासाठी हेडफोनच्या निम्म्या किमतीची केबल घेण्याइतका नव्हे. तुटलेली केबल बदलणे हा खर्च योग्यच. धडधाकट केबल काढून ‘उन्नत’ केबल बसविणे हा अलंकाराचा खर्च आहे. तो करू नये असे नाही. फक्त तो अलंकाराच्या खात्यात लिहावा.

‘बॅलन्स्ड’ जोडणीसाठी केलेला बदल याहून गंभीर असतो. यात दोन्ही बाजूंना स्वतंत्र दोन-दोन तारा लागतात. ‘एचडी ६००’मध्ये केबल दोन्ही कानांना वेगवेगळी जात असल्याने केवळ केबल बदलून काम भागते आणि हवे तेव्हा मूळ स्थितीत परत येता येते. सत्तरच्या दशकातील ‘के२४० सेक्सटेट’मध्ये मात्र केबल एकाच बाजूने आत शिरते आणि कायमची जोडलेली असते. हा ६०० ओहमचा हेडफोन मुख्य ड्रायव्हरभोवतीच्या सहा निष्क्रिय पडद्यांसाठी ओळखला जातो. त्याच्या कपाला भोक पाडून नवे सॉकेट बसविले, की तो पुन्हा पूर्ववत होत नाही. संग्राहकांच्या बाजारात अशा नगाकडे संशयानेच पाहिले जाते. म्हणजे मालकाने पैसे खर्च करून आपल्याच वस्तूची किंमत उतरविली!

तथापि, सुधारणा करणारे सारेच भोंदू आहेत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. जपानच्या ‘फॉस्टेक्स टी५०आरपी’ या स्टुडिओतील साध्या हेडफोनचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पोकळीत कापूस, फेल्ट, चिकणमाती भरून आवाजाचा तोल सुधारण्याचा उद्योग हौशी लोकांनी अनेक वर्षे केला. अमेरिकेतील डॅन क्लार्क यांनी ‘मिस्टरस्पीकर्स’ या नावाने हेच हेडफोन सुधारून विकले. पुढे ते स्वतःच्या रचनेचे हेडफोन बनवू लागले आणि त्यांची कंपनी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फरक असा, की मूळ वस्तू स्वस्त होती, सहज मिळत होती आणि बदल मोजमाप यंत्रावर दाखविता येत होता. दुर्मीळ वस्तूवर प्रयोग करणाऱ्याला यांपैकी एकही सवलत नसते.

दुर्मीळ म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून ‘सोनी एमडीआर-आर१०’ पाहा. १९८९ मध्ये अडीच हजार डॉलरना आलेल्या या हेडफोनचे कप केयाकी वृक्षाच्या लाकडाचे होते आणि पडदा जीवाणूंनी तयार केलेल्या सेल्युलोजचा. तो पडदा फाटला तर जगातला कोणताही कारागीर तसाच दुसरा घडवू शकत नाही. दुसरा नग मोडून त्यातील ड्रायव्हर काढणे, हाच उपाय उरतो. स्टॅक्सच्या जुन्या स्थिरविद्युत हेडफोनचीही तीच गत आहे. त्यात काही मायक्रॉन जाडीचा पडदा दोन सच्छिद्र पट्ट्यांमध्ये ताणलेला असतो आणि त्यावर ५८० व्होल्टचा (जुन्या प्रकारात २३० व्होल्टचा) दाब कायम ठेवावा लागतो. धूळ वा ओल शिरली, की एक बाजू क्षीण होते किंवा चिरका आवाज येतो. याची दुरुस्ती म्हणजे सोनाराच्या हाताचे काम. त्याला सोनाराचीच घडणावळ द्यावी लागेल. आणि येथे अननुभवी माणसाने हात घालू नये हे केवळ हेडफोनच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्याही हिताचे आहे.

याउलट टोकाला सेनहायझरचे एक घराणे आहे. नव्वदच्या दशकातील ‘एचडी ५८०’, त्यानंतरचा ‘एचडी ६००’ आणि २००३ चा ‘एचडी ६५०’ यांचे कितीतरी भाग एकमेकांत बसतात. नंतरची केबल आधीच्या हेडफोनला चालते, ‘६००’ची धातूची जाळी ‘५८०’वर बसते, आणि बरीचशी खोलाखोल स्क्रूड्रायव्हरविना होते. तीस वर्षांपूर्वीच्या वस्तूला आज नवे अवयव मिळतात ते कंपनी दयाळू आहे म्हणून नव्हे. रचनाच तशी आहे म्हणून. अमेरिकेतील ‘कॉस’ने दुसरी वाट धरली. १९५८ मध्ये स्टिरिओ हेडफोन बाजारात आणणारी ही कंपनी तेथील ग्राहकांना मर्यादित आजीव हमी देते. या दोन्ही गोष्टी व्यापारात शक्य आहेत, एवढे तरी यातून सिद्ध होते. मग कानात घालायची बिनतारी बोंडे बॅटरी थकताच दोन-तीन वर्षांत का फेकावी लागतात, याचे उत्तर उत्पादकांकडे मागायलाच हवे.

युरोपीय महासंघाने ते मागावयास सुरुवात केली आहे. सुवाह्य उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी, हा नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू करण्याचे २०२३ मध्ये ठरले. २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ ही तारीख देण्यात आली. धुलाई यंत्र, फ्रीज, मोबाईल आदी वस्तू त्याच्या यादीत आहेत, हेडफोन नाहीत. ऑस्ट्रियाने तर २०२२ मध्ये विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च, कमाल २०० युरोंपर्यंत, सरकारी तिजोरीतून देण्याची योजना आणली. ज्या देशात एकेजीचे कामकाज पाच वर्षांपूर्वी बंद झाले, त्याच देशाने दुरुस्तीसाठी पैसे द्यावेत, हा योगायोग मासलेवाईक म्हटला पाहिजे.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शेती अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात आहेत. परंतु सुटे भाग किती वर्षे उपलब्ध ठेवावेत, याचे कायदेशीर बंधन नसताना पोर्टलवरील माहिती ही माहितीच राहते. त्यातच दुरुस्तीसेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर, आणि हेडफोन परदेशी कारागिराकडे पाठवायचा तर दोन्ही बाजूंचा टपालखर्च आणि परतीच्या वेळी सीमाशुल्काची कटकट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी ही अवस्था आहे.

म्हणूनच मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसणाऱ्या माणसाची किंमत वाढते. तुटलेली तार सांधणे, प्लग बदलणे, एवढी कामे तो उत्तम करतो. त्याच्याकडे जाण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन्ही बाजूंचा अवरोध मोजून घ्यावा. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर वेटोळी शाबूत आहेत आणि दोष बहुधा फोममध्ये आहे. एका बाजूला आकडाच आला नाही, तर आधी केबल तपासावी, ड्रायव्हर नंतर. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत, पॅडसुद्धा. आणि कारागीर स्वतःहून ‘आवाजही सुधारून देतो’ म्हणाला, तर मोजमापाचा आलेख पूर्वीचा व नंतरचा दोन्ही दाखविणार का, हे पैसे देण्याआधी विचारावे.