आटे गेले, तर लगेच सांगा

मे महिन्याच्या सुट्टीत मी कोलकात्याला, बेहाला येथे काकांकडे गेलो होतो. त्यांच्या जुन्या मोटारीच्या टॅपेट कव्हरमधून ऑइल झिरपत होते, म्हणून आम्ही नवे गॅस्केट बसवले. बोल्ट आवळायचे काम माझ्यावर सोपवून काका हात धुवायला गेले.

बोल्ट ६ मिलिमीटरचे आणि इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अशा बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला जेमतेम ४ किलोचा भार. मी सगळी ताकद लावली. बोल्ट घट्ट झाला आणि मग एकदम हलका फिरू लागला. स्टीलचा बोल्ट शाबूत होता, पण मऊ अ‍ॅल्युमिनियममधले आटे सोलून निघाले होते. मी कव्हर पुसले, पाने जागेवर ठेवले आणि गप्प बसलो.

तिसऱ्या दिवशी डायमंड हार्बर रोडवर बॉनेटमधून धूर आला. ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत होते. मागे काकू आणि माझी लहान चुलत बहीण बसली होती. तेव्हा मी खरे सांगितले. काका एवढेच म्हणाले, "त्याच दिवशी बोलला असतास, तर गाडी बाहेर काढलीच नसती."

मिस्त्रींनी बोल्ट फिरवून पाहिला. "प्याँच केटे गेछे," ते म्हणाले. त्यांचा हात अ‍ॅम्बेसेडरच्या बिडाच्या इंजिनावर बसलेला. ती गाडी उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती. बीड थोडी दांडगाई सोसते, अ‍ॅल्युमिनियम सोसत नाही, असे त्यांनी समजावले. मग इंजिनात कीस पडू नये म्हणून त्यांनी आजूबाजूला फडकी कोंबली, ड्रिलला ग्रीस लावले, भोक सरळ मोठे केले, टॅपने नवे आटे पाडले आणि त्यात स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवली. तिच्या टोकाची शेपटी तोडून बाहेर काढली. जुनाच बोल्ट त्यात नीट बसला. हे आटे पहिल्यापेक्षा मजबूत असतात. विमानांच्या इंजिनांत स्पार्क प्लगच्या भोकांत अशीच गुंडाळी कारखान्यातच बसवलेली असते.

म्हणजे बिघाड दुरुस्त होण्यासारखा होता. धोका निर्माण केला तो माझ्या गप्प बसण्याने.

आपण कॅडेट चुका का लपवतो? शिक्षेच्या भीतीने आणि मित्र हसतील म्हणून. इन्स्पेक्शनला सगळे चकचकीत दिसले की झाले, असे आपल्याला वाटते. पण सैल बोल्ट वरून घट्टच दिसतो. उद्या आपल्यापैकी कोणी लष्कराच्या गाडीचा बोल्ट आवळेल आणि त्या गाडीत दुसऱ्यांची माणसे बसतील.

म्हणून माझे मत असे, की वस्तू मोडल्यावर जो लगेच सांगेल, त्याला शिक्षा नको. लपवणाऱ्याला जरूर व्हावी. कोणी म्हणेल, यामुळे बेफिकिरी वाढेल. मला तसे वाटत नाही. ज्याने मोडले, त्यानेच उस्तादांच्या देखरेखीखाली ते दुरुस्त करावे. एक बोल्ट नीट करायला माझी अख्खी दुपार गेली. मी मिस्त्रींसमोर दिवा धरून उभा होतो. तेव्हापासून पाना हातात घेतला की मी आधी विचारतो, "किती आवळायचे?"