पाणंदीतला चैत्र

सकाळी फिरायला निघायचे म्हटले की आपण सोबत शोधतो. मग महागाईपासून मुलांच्या परीक्षांपर्यंत गप्पा रंगतात आणि वाट कधी संपली ते कळतही नाही. चैत्रातली एखादी सकाळ मात्र स्वतःसाठी राखून ठेवावी. उन्हे तापण्यापूर्वी एकट्यानेच गावाबाहेरची पाणंद धरावी.

सह्याद्रीच्या पायथ्याशी या दिवसांत कुसुंब लालभडक झालेला असतो. लांबून फुले वाटतात. जवळ गेल्यावर कळते, ही तर कोवळी पालवी! पळसाखाली केशरी सडा असतो, पण फांदीवर पान औषधालाही सापडत नाही. आमराईतून ‘कुहू’ ऐकू येते. गाणारी ती कोकिळा नव्हे, काळाकुळकुळीत नर कोकिळ. अंगभर ठिपके असलेली मादी पुढे कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते.

हे सारे दरवर्षी वाटेवरच असते. बोलणे थांबले की दिसू लागते, ऐकू येते. घरी परतल्यावर मुलांना सांगायला काही नवे असते आणि एरवी चटकन चढणारा आपला आवाजही त्या दिवशी जरा खालच्या पट्टीत राहतो.