तांबड्या द्राक्षाचे पांढरे मद्य

बाजारभावास ओहोटी लागली की कुऱ्हाड घेऊन बागेत शिरावे, ही आपल्याकडील बागाईतदारांची एक जुनी खोड आहे. इ. स. २००८ नंतर मद्याच्या धंद्यास मंदी आली, तेव्हा नाशिककडील कित्येकांनी मद्याच्या जातींचे वेल मुळासकट काढून टाकले. अशा प्रसंगी दुसरा मार्ग असू शकतो की काय, हे पाहण्यासाठी स्वित्झर्लंड देशातील तिचीनो या प्रांताची हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस इष्ट वाटते.

आल्प्स पर्वताच्या दक्षिण उतारावरील हा प्रांत इटालियन भाषा बोलणाऱ्या लोकांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा नामक मुळांतील रस शोषणाऱ्या किडीने तेथील जुन्या वेलींचा नाश केला. पुढे शेतकीखात्यातील जाणत्या लोकांनी निरनिराळ्या जाती लावून पाहिल्या, आणि इ. स. १९०६ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्दो प्रांताची 'मर्लो' ही काळी जात अमेरिकन खुंटावर कलम करून तेथे आणिली. आज तेथील सुमारे ११०० हेक्टर द्राक्षमळ्यांपैकी चार-पंचमांश क्षेत्र या एकाच जातीखाली आहे.

एकाच जातीवर इतका भरवसा ठेवणे म्हणजे सर्व अंडी एकाच टोपलीत ठेवणे होय, असे कोणीही म्हणेल. तांबड्या मद्याखेरीज पांढऱ्याचीही मागणी होती. परंतु तिचीनोत पांढऱ्या जातीचे मळे थोडे. तेव्हा तेथील लोकांनी वेल न बदलता काम बदलले. मर्लोचा रंग सालीत असतो, गराचा रस बहुतांशी बिनरंगी असतो. तांबडे मद्य करिताना साली रसाबरोबर आंबवितात. पांढऱ्यासाठी घड किंचित आधी तोडून, थंड ठेवून, हलक्या दाबाने पिळतात आणि साली लागलीच बाजूस सारून नुसता रस थंड जागी आंबवितात. इ. स. १९८० नंतर ही रीत तेथे रुळली. फ्रान्सच्या शांपान्य प्रांतात काळ्या द्राक्षांपासून पांढरे मद्य शतकानुशतके करितात, तेव्हा यात फसवणूक कसली?

या रीतीचा शेतकऱ्यास होणारा लाभ लक्षात घेण्याजोगा आहे. तिचीनोत पाऊस मुबलक पडतो. तोडणीच्या दिवसांत तो आला तर पातळ सालीचे मर्लो कुजण्याची भीती असते, आणि अपुऱ्या पिकलेल्या घडांचे तांबडे मद्य फिके उतरते. तेच घड लवकर तोडून पांढऱ्यासाठी पिळता आले, तर वर्ष अगदीच वाया जात नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, "आमच्याजवळ ना घाणा, ना थंड कोठार, आम्ही काय करावे?" आक्षेप खरा आहे, व त्याचे उत्तरही तिचीनोतच आहे. मेंद्रिझिओ येथील उत्पादकांनी सहकारी मद्यशाळा उभारिली. एकट्या लहान मळेवाल्यास जे परवडत नाही, ते मिळून परवडते. तासगावकडील बेदाण्याचे उदाहरण तर आपल्या घरचेच: खाण्याच्या द्राक्षास भाव नसला तर तोच घड सावलीत सुकवून विकता येतो.

आमचे म्हणणे इतकेच की, वेल उभा होऊन पीक देईपर्यंत दोनतीन वर्षे व बरेच कर्ज लागते. तो उपटण्यापूर्वी त्याच घडाचे आणखी काय होऊ शकते, हे शोधिले पाहिजे. मद्य करावे की न करावे, हा प्रत्येकाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यात आम्ही पडत नाही. परंतु ज्याच्या हाती एकच उपयोग, त्याच्या मालाचा भाव व्यापारी ठरवितो. दोन उपयोग हाती असतील, तर घासाघीस करण्यास शेतकऱ्यासही जागा राहते. म्हणून सहकारी संस्थांनी पुढील हंगामापूर्वीच प्रक्रियेची सोय करण्याचा विचार अवश्य करावा.