गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवताय? आधी वायर पाहा!

भिवंडीजवळच्या वळच्या गोदामांपुढे माल भरायला टेम्पो थांबतात. तासन्‌तास थांबणाऱ्या चालकाला गाण्यांची सोबत हवीच. पण अ‍ॅम्प्लिफायरला बारीक वायर जोडली, तर तीच आगीचे कारण ठरू शकते.

वायर किती जाड?
वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १२ व्होल्टच्या गाडीत ५०० वॅट ओढणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला सुमारे ४२ अँपिअर करंट लागतो. ४ चौरस मिमीच्या ५ मीटर तांब्याच्या वायरीत यातले ०.९ व्होल्ट वाया जातात आणि वायर तापते. १६ चौरस मिमीच्या वायरीत जेमतेम ०.२ व्होल्ट जातात. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, पण ती आणखी जाड घ्यावी लागते. अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी.

फ्यूज कुठे?
बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत. फ्यूज मुख्यतः वायरीला वाचवतो. म्हणून वायर पेलेल त्याहून मोठा नको. पुढे चार्जर, दिव्यांसाठी बारीक फाटे काढले, तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज हवा.

फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे तार गुंडाळणे म्हणजे धोक्याची सूचनाच बंद करणे. कापड-पुठ्ठ्याने भरलेल्या गाडीत ही काटकसर परवडणारी नाही.