सैतानाची मानधनाशिवाय जाहिरात

परवा हापिसात जेवायच्या सुट्टीत एकाने हेडफोन काढून मला विचारलं, "तुला माहितीये का, या रॉबर्ट जॉन्सनने चौकात सैतानाला आत्मा विकला होता, म्हणून त्याला एवढी गिटार यायची?" मी म्हटलं, माहितीये. गेली वीस वर्षं दर थोड्या दिवसांनी कोणी ना कोणी मला हे सांगतंच. त्याला तिथे काही बोललो नाही, कारण डबा गार होत होता. पण डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज शनिवारी इथे ओकतोय.

मला ही दंतकथा आवडत नाही. खोटी आहे म्हणून नाही, खोट्या गोष्टी मलाही आवडतात. ती एका माणसाची मेहनत चोरते, म्हणून आवडत नाही.

आधी गोष्ट काय आहे ते बघू. मिसिसिपीत १९३० च्या आसपास सन हाउस आणि विली ब्राउन हे दोघे नाचाच्या जागी वाजवायचे. पोरगेला जॉन्सन मधल्या सुट्टीत त्यांची गिटार उचलायचा आणि इतकं वाईट वाजवायचा की लोक वैतागायचे. मग तो गायब झाला. परत आला तेव्हा सन हाउस थक्क झाला. बास, एवढ्यावर सगळा इमला! हा आत्मा विकण्याचा किस्सा मुळात दुसऱ्याच एका जॉन्सनचा, टॉमी जॉन्सनचा. तो त्याच्या भावाने सांगितला होता. आडनाव सारखं, त्यामुळे गोष्ट इकडून तिकडे चिकटली. रॉबर्ट १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी गेला, आणि त्याच्या नावावर ही कथा खरी फोफावली ती साठ-सत्तरच्या दशकांत, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं अशा गोऱ्या रसिकांच्या आणि लेखकांच्या हातून. १९८६ मध्ये त्यावर हॉलिवूडचा सिनेमाही आला. आता क्लार्क्सडेलला ६१ आणि ४९ नंबरच्या हायवेंच्या चौकात खांबावर निळ्या गिटारी लावल्यात, पर्यटक खाली उभे राहून फोटो काढतात.

मधल्या काळात तो होता कुठे? हेझलहर्स्टच्या परिसरात, आइक झिमरमन नावाच्या माणसाकडे. झिमरमनची एकही रेकॉर्ड नाही. तो रस्त्याच्या कामावर जायचा आणि गिटार उत्तम वाजवायचा. त्याच्या मुलीने पुढे अभ्यासकांना सांगितलं की जॉन्सन त्यांच्या घरीच राहायला होता आणि दोघे रात्री कब्रस्तानात जाऊन वाजवायचे. का? तर तिथे शांतता असते, कोणाची झोपमोड होत नाही म्हणून! म्हणजे ज्याला आपण गुरूच्या घरी राहून केलेला रियाज म्हणतो, नेमकं तेच. यात सैतान कुठे आला?

आणि नुसता गुरू नाही, कानही होते. जॉन्सन रेकॉर्ड ऐकून शिकलेला माणूस. 'स्वीट होम शिकागो' ऐका आणि मग कोकोमो आर्नल्डचं १९३४ चं 'ओल्ड ओरिजिनल कोकोमो ब्लूज' ऐका. 'थर्टी टू ट्वेंटी ब्लूज' म्हणजे स्किप जेम्सच्या १९३१ च्या 'ट्वेंटी टू ट्वेंटी'चं नवं व्हर्जन. आमच्या धंद्यात याला दुसऱ्याचा कोड नीट वाचणं म्हणतात. तो घेतो, खोलतो, नको ते काढतो आणि एकट्या गिटारवर दोन माणसं वाजवतायत असं वाटेल इतकं घट्ट बांधतो. सान अँटोनियोत नोव्हेंबर १९३६ आणि डॅलसमध्ये जून १९३७, अशा दोन खेपांत २९ गाणी. त्यातली सैतानाचं नाव घेणारी बोटावर मोजण्याइतकी. आणि ज्या 'क्रॉस रोड ब्लूज'वरून एवढा गदारोळ, त्यात सैतान नाहीच! एक काळा माणूस चौकात उभा आहे, अंधार पडतोय, कोणी गाडी थांबवत नाही, आणि तो देवाची करुणा भाकतोय. त्या काळच्या मिसिसिपीत सूर्य मावळल्यावर परक्या रस्त्यावर एकटं सापडणं म्हणजे काय, हे त्याला नक्की ठाऊक होतं. ही भीती खरी होती. आपण ती पुसून तिथे शेपूटवाला सैतान बसवला, कारण सैतान मजेशीर असतो.

आता कोणी म्हणेल, अरे पण या गोष्टीमुळेच लोक ऐकायला येतात की. येतात, मान्य. मीही तसाच आलो होतो. पण एक बघा. ज्याला कला 'मिळाली', त्याला मजुरी द्यायची गरज वाटत नाही. त्या काळात काळ्या कलाकारांना बहुतेकदा गाण्यामागे ठरावीक रक्कम देऊन वाटेला लावायचे, रॉयल्टीचं नाव नाही. आर्थर क्रूडपने १९४६ मध्ये 'दॅट्स ऑल राइट' रेकॉर्ड केलं, १९५४ मध्ये एल्विसने त्यावर सुरुवात केली, आणि क्रूडप १९७४ मध्ये हक्काच्या पैशांसाठी भांडत भांडतच गेला. जॉन्सनच्या सगळ्या गाण्यांचा संच १९९० साली आला आणि लाखांनी खपला. त्याचा मुलगा क्लॉड खडीचा ट्रक चालवायचा. तो वारस आहे हे कोर्टाने मान्य केलं १९९८ मध्ये! सैतानाने सही घेतली होती म्हणतात, पण खरे कागद कोणाच्या कपाटात होते ते बघा.

असो. फार तावातावाने लिहिलं. सोमवारी त्या मित्राला झिमरमनबद्दल सांगणार आहे. तुम्हालाही कोणी चौकाची गोष्ट सांगितली तर त्या रस्त्याच्या कामावरच्या माणसाचं नाव तेवढं सांगा. आणि आज वेळ असेल तर आधी स्किप जेम्स ऐका, मग जॉन्सन. याच क्रमाने.